चाळीस मीटरला एक सेंटिमीटर

दिल्लीत हुमायूनचा मकबरा पाहायला जाणारे बहुतेक जण पश्चिमेच्या दरवाज्यातून आत शिरतात, समोरची लाल दगडाची इमारत आणि तिच्यावरचा पांढरा घुमट पाहतात आणि थेट तिकडे चालू लागतात. मीही दोनदा तसंच केलं. तिसऱ्या खेपेला, फेब्रुवारीतल्या एका सकाळी, बुटाची नाडी बांधायला वाकलो आणि पायाशी वाहणारा पाट दिसला. अरुंद, उथळ, दगडात बांधलेला. पाणी इतकं सावकाश चाललं होतं की थांबलंय असंच वाटावं. कडुनिंबाचं एक पिवळं पान त्यावर पडलं, दगडाच्या सांध्याशी जरा अडखळलं, स्वतःभोवती फिरलं आणि पुढे निघालं. मी त्याच्या चालीनं चालत राहिलो.

या पाटाचा ढाळ चाळीस मीटरला एक सेंटिमीटर आहे. घरात न्हाणीघराची फरशी घालून घेतलेल्या माणसाला याचा अर्थ वेगळा सांगायला नको. तिथं गवंडी मीटरला साधारण सेंटिमीटरभर ढाळ देतो, तरी एखाद्या कोपऱ्यात पाणी साचतंच. इथं त्याच्या चाळिसाव्या हिश्शाएवढा ढाळ, तोही सुमारे तीस एकरांच्या बागेत, आणि पाणी कुठंही तुंबत नाही. माझ्या मते या ठिकाणचं सगळ्यात मोठं कसब घुमटात नाही, या पाटांत आहे.

हुमायून 1556 मध्ये गेला. मकबरा अकबराच्या काळात, 1570 च्या सुमारास उभा राहिला. रचनाकार मीरक मिर्झा गियास हा मूळचा बागा आखण्यात नाव कमावलेला माणूस, आणि ते इथं पावलोपावली कळतं. चारी बाजूंनी बंदिस्त केलेल्या जागेचे आधी चार भाग, मग त्या प्रत्येकाचे नऊ चौकोन, असे एकूण छत्तीस वाफे. मधून रस्ते आणि रस्त्यांच्या मधोमध पाट. हाच चारबाग. मधल्या चौथऱ्यावरची इमारत अशी बसवली आहे की पाट तिच्या पोटात शिरून पलीकडून बाहेर पडतात, असा भास होतो. स्वर्गातल्या बागेखालून नद्या वाहतात, ही कुराणातली कल्पना दगड-पाण्यात उतरवलेली. पूर्वेच्या भिंतीलगत तेव्हा यमुना होती. आता नदी बरीच लांब सरकली आहे.

बाग मोडते ती मात्र पाण्यापासूनच. मोगल सत्ता खिळखिळी झाली, खर्च परवडेना, आणि वाफ्यांत भाजीपाला व तंबाखू पिकू लागला. 1857 मध्ये शेवटचा बादशहा बहादूरशहा जफर याच मकबऱ्यात आसऱ्याला आला आणि इथंच इंग्रजांच्या हाती लागला. त्यानंतर चौकोनी हौदांच्या जागी इंग्रजी पद्धतीचे गोल ताटवे आले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लॉर्ड कर्झननं बाग पुन्हा मूळ आखणीवर आणायचा प्रयत्न केला. पुढे 1947 साली फाळणीचे निर्वासित इथं येऊन राहिले. जीव वाचवून आलेल्या माणसांना वाफे आणि पाट सांभाळा असं कोण म्हणणार? बागेची नासधूस झाली, पण बागेनं तेव्हा माणसं सांभाळली. तिच्या इतिहासातलं हे पान मला सगळ्यात मोलाचं वाटतं.

1997 मध्ये, स्वातंत्र्याच्या पन्नासाव्या वर्षी, आगाखान ट्रस्टनं भारतीय पुरातत्त्व खात्याच्या साथीनं ही बाग पुन्हा उभी करायचं काम अंगावर घेतलं. 2003 मध्ये ते पुरं झालं. बागेची दुरुस्ती म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे नवी रोपं येतात. इथं पहिलं काम होतं माती काढण्याचं. वर्षानुवर्षं साचत गेलेल्या मातीनं मूळ पातळीच बुजली होती; सुमारे तीन हजार ट्रक माती बाहेर गेली. रस्त्यांच्या कडेचे गाडले गेलेले दगड हातानं उचलून, घडून पुन्हा बसवले. त्यांचीच लांबी तीन किलोमीटरवर भरते. जुन्या विहिरी सापडल्या, त्यांतला गाळ उपसला. पावसाचं पाणी जमिनीत मुरावं म्हणून 128 शोषखड्डे खणले. पाटांचा ढाळ नव्यानं साधला आणि मग कुठं झाडांची पाळी आली: आंबा, लिंबू, कडुनिंब, जास्वंद, जाई-मोगरा, लहानमोठी मिळून अडीच हजारांवर.

हा क्रम फार महत्त्वाचा आहे. आधी पातळी, मग पाणी, मग झाड. आपल्याकडे पाटाच्या पाण्यावर बागाईत करणारा कुठलाही शेतकरी हेच सांगेल. जुन्या वास्तूंभोवती आपण मात्र हिरवळ अंथरतो, हंगामी फुलांच्या कुंड्या मांडतो आणि सुशोभीकरण झालं म्हणतो. त्या हिरवळीखाली पाट होता का, हौद कुठं होता, हे विचारायचं राहूनच जातं.

यासाठी दिल्लीच गाठायला हवी असंही नाही. छत्रपती संभाजीनगरचा बीबी का मकबरा हाही भिंतींच्या आतला चारबागच. शाळेच्या सहलीत आपण तो पाहिलेला असतो, पण बहुधा ताजमहालाशी तुलना करण्यापुरता.

हुमायूनचा मकबरा सूर्योदयाला उघडतो. दिल्लीला गेलात तर त्या वेळीच जा, आणि घुमटाकडे वळण्याआधी दहा मिनिटं पाटाच्या काठी बसा. पडलेलं एखादं पान पाण्यावर सोडून बघा.