डीपीतली जाड तार

हिंगोली जिल्ह्यात रब्बीच्या किंवा हळदीच्या पाणीपाळ्यांत डीपी, म्हणजे वितरण ट्रान्सफॉर्मर, जळाली की कारण ठरलेलं असतं: ओव्हरलोड. ते खोटं नाही, पण अपुरं आहे. ओव्हरलोडपासून वाचवायलाच फ्यूज असतो. तो वेळेवर वितळला का नाही, हे कोणी विचारत नाही. उत्तर पुष्कळदा डीपीच्या पेटीतच असतं. झाकण गेलेलं, फ्यूजचं किटकॅट फुटलेलं, आणि दोन टोकांना पक्कडीने पिळून बसवलेली अ‍ॅल्युमिनियमची जाड तार. ही तार केवळ बेफिकिरीतून आलेली नाही. लाईट येते त्या क्षणाच्या झटक्याला कंटाळून माणसांनी शोधलेला तो उपाय आहे, आणि मूळ दुखण्यापेक्षा तोच महागात पडतो.

त्या क्षणी झटके दोन बसतात. पहिला ट्रान्सफॉर्मरचा स्वतःचा. तो बंद असताना पोलादी गाभ्यात थोडं चुंबकत्व शिल्लक राहतं. व्होल्टेज शून्यावरून चढायला लागतानाच सप्लाय जोडला गेला, तर गाभ्यातलं चुंबकत्व नेहमीच्या कमाल पातळीच्या दुपटीकडे जातं. शिल्लक चुंबकत्व त्याच दिशेचं असेल तर त्याहीपुढे. एवढं पोलादात मावत नाही, आणि वाइंडिंग भरमसाट करंट ओढतं. 100 केव्हीएच्या डीपीचा 11 केव्हीच्या बाजूचा पूर्ण भाराचा करंट जेमतेम 5.25 अँपिअर, हा झटका त्याच्या आठ-दहा पट जाऊ शकतो. पण तो सेकंदाच्या अंशात ओसरू लागतो, तेल तापायच्या आत. म्हणून त्या बाजूचा फ्यूज निवडताना बारा पट करंट 0.1 सेकंद सोसेल असा घेतात. धडधाकट डीपी एवढ्याने जळत नाही.

दुसरा झटका मोटारींचा, आणि तो लांबतो. 63 केव्हीएच्या डीपीची लघुदाब बाजू सुमारे 84 अँपिअरची. पाच एचपीच्या दहा मोटारी चालताना साधारण 75 अँपिअर घेतात, म्हणजे हिशेबात बसतात. पण लाईट येताच मोटर आपोआप सुरू करणाऱ्या ऑटो स्विचमुळे दहाही एकदम उठल्या तर प्रत्येकीला सहापट करंट लागतो: कागदावर 450. त्याने व्होल्टेज कोसळतं, मोटारी लवकर वेग घेत नाहीत, आणि फ्यूज उडतो. असं चार वेळा झालं की जाड तार येते. मग पुढे अकरावी, बारावी मोटर जोडली गेली तरी फ्यूज तक्रार करत नाही; वाइंडिंग निमूटपणे शिजत राहतं.

यावर यंत्रं नाहीत का? आहेत. मोठ्या उपकेंद्रांत ब्रेकरचा एकेक पोल व्होल्टेजच्या नेमक्या बिंदूवर जोडतात, किंवा आधी क्षणभर रेझिस्टर मध्ये घालतात. पण 11 केव्हीच्या शेती फीडरचा ब्रेकर तिन्ही फेज एकदम जोडतो. तिघांनाही सोयीचा एकच क्षण असूच शकत नाही. शिवाय त्याच्या मागे अनेक डीपी, सगळ्यांचे झटके एकत्र. तिथे ब्रेकरच्या रिलेला थोडा दम धरायला लावणं किंवा लाईनवरचे एबी स्विच उघडून फीडर टप्प्याटप्प्याने चार्ज करणं एवढंच परवडतं. एकदोन शेतकऱ्यांसाठी छोटा ट्रान्सफॉर्मर देणारी एचव्हीडीएस पद्धत झटका टाळत नाही, पण जाड तार कोणी घातली हे लपत नाही. मला तिचा हा गुण जास्त मोलाचा वाटतो. सौरपंपाचा कंट्रोलर मोटर हळूहळू वेगात आणतो, म्हणून तिथे हा प्रश्नच उरत नाही.

ऑटो स्विच काढा, असं महावितरण वारंवार सांगतं. शेतकऱ्याचं म्हणणंही रास्त आहे: थ्री-फेज रात्री दोनला येणार असेल, तर साप-विंचवांतून बांधावर जायचं कोणी? स्विच ठेवून प्रत्येक स्टार्टरला वेगवेगळा उशीर देणारा टायमर हा मधला मार्ग मला जास्त शहाणपणाचा वाटतो. पण जो आधी सुरू करतो त्याला व्होल्टेज चांगलं मिळतं, शेवटच्याला खचलेलं. त्यामुळे शेवटचा नंबर कोणालाच नको. कोणाला किती सेकंद, हे ठरवायला डीपीवरच्या दहाही जणांना एकत्र बसावं लागेल, आणि आकडा टाकून मोटर चालवणारा अकरावा त्या बैठकीला येणार नाही.