स्वमग्न मुले आणि आभासी जगातील तालीम

रोह्याहून पेणला माझ्याकडे येणाऱ्या एका आईने मध्यंतरी विचारले, “डॉक्टर, तो डोळ्यांवर लावायचा संगणकाचा चष्मा आणला, तर आमचा मुलगा चारचौघांत बोलेल का? बांगड्या मोडायची तयारी आहे.” मुलगा आठ वर्षांचा, स्वमग्न. एस.टी. स्टँडवर गलका झाला की कान झाकून खाली बसतो.

स्वमग्नता म्हणजे हट्ट नव्हे, वाईट वळणही नव्हे. अशा मुलाच्या मेंदूची जडणघडणच वेगळी असते. समोरच्याचा चेहरा, आवाज, गर्दी यांतून नेमके काय टिपायचे, हे त्याला चटकन उमगत नाही.

या चष्म्यात चहूबाजूंनी दुकान, वर्ग किंवा रस्ता दिसतो. मान वळवली की दृश्यही वळते. दुकानदार प्रश्न विचारतो, मूल उत्तर देते. चुकले तरी कोणी हसत नाही, गर्दी कमी-जास्त करता येते, तोच प्रसंग दहा वेळा घडवता येतो. नाटकाची तालीमच म्हणा ना! अमेरिकेत डोरोथी स्ट्रिकलंड व सहकाऱ्यांनी दोन स्वमग्न मुलांवरील असा प्रयोग १९९६ साली प्रसिद्ध केला. पुढे असे प्रयोग पुष्कळ झाले. मात्र चष्म्यात शिकलेले बाहेर कितपत उतरते, याचा पुरावा अजून अपुरा आहे. स्वमग्नता त्याने ‘बरी’ होत नाही. काहींना चक्कर, मळमळ होते. वयोमर्यादा पाहावी. फिट येत असल्यास डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये.

म्हणून त्या आईला म्हटले, बांगड्या राहू द्या. तालमीचे तत्त्व तेवढे उचला. आपल्याच स्टँडचे फोनवर चित्रण करा. आवाज बारीक ठेवून रोज पाच मिनिटे दाखवा. घरी खुर्च्या मांडून कंडक्टर-प्रवासी खेळा. मग गर्दी नसताना स्टँडवर दहा मिनिटे थांबा. त्याने कान झाकले तर रागावू नका, बाजूला न्या. नजरेला नजर देण्याची सक्ती नको. हे जमले की एकाच थांब्याचा प्रवास करा. वाचा-भाषा उपचारतज्ज्ञांचा सल्ला सोबत हवाच. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नतेचा समावेश आहे. प्रमाणपत्रासाठी अलिबागच्या जिल्हा रुग्णालयात चौकशी करावी.

आणि वाचकहो, स्टँडवर असे मूल दिसले तर टक लावून पाहू नका, त्याच्या आईला उपदेशही करू नका. दोन पावले मागे सरून जागा द्या. तालीम ते मूल करीलच. प्रत्यक्ष प्रसंगी सांभाळून घेणे आपल्या हाती आहे.