वाघाच्या गळ्यातली कॉलर

रेडिओ कॉलर उपग्रहांच्या संकेतांवरून वाघाचे स्थान ठरवते आणि ते अभ्यासकांपर्यंत पोहोचवते. तिचे वजन प्राण्याला जाचू नये आणि काम संपल्यावर ती दुरूनच सोडवता यावी, याची काळजी रचनेतच घ्यावी लागते. टिपेश्वर अभयारण्यातल्या ‘वॉकर’ वाघाला २०१९ मध्ये कॉलर बसवली. ३,००० किलोमीटरहून अधिक भटकून तो ज्ञानगंगा अभयारण्यात स्थिरावला. शिवारे, ओढे, रस्ते तो बहुधा रात्रीच ओलांडत होता. शेतकऱ्याच्या दृष्टीने ही फार मोलाची माहिती. २०२४ च्या अखेरीस टिपेश्वरचाच दुसरा वाघ धाराशिव जिल्ह्यात, येडशी रामलिंग घाट अभयारण्यात आला. त्याला कॉलर नव्हती. कॅमेऱ्यात टिपलेल्या अंगावरच्या पट्ट्यांवरून त्याची ओळख पटली.