गेट दहावरच का थांबतं? सिरियल संवादाविषयीचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

कर्जत तालुक्यातल्या राजनाला कालव्याला पाणी मिळतं ते भिवपुरीच्या टाटांच्या जलविद्युत केंद्रातून. १९२२ साली सुरू झालेल्या या केंद्रात वीज तयार झाली की तेच पाणी पुढे कालव्यात येतं आणि त्यावर उन्हाळी भात उभं राहतं. कालवा इथल्या मुलांच्या रोजच्या पाहण्यातला, म्हणून संगणकावरून मायक्रोकंट्रोलरला माहिती कशी पाठवायची हे शिकवताना मी कालव्याच्या गेटचंच मॉडेल घेतो. थर्माकोलचा कालवा, पुठ्ठ्याचं गेट, ते उचलायला एसजी ९० सर्व्हो मोटर आणि एक आर्डुइनो उनो बोर्ड. गेट किती अंश उघडायचं तो आकडा लॅपटॉपवरून पाठवायचा.

पहिल्याच दिवशी एका मुलीने ४५ टाइप करून एंटर दाबलं. गेट हललं आणि १० अंशांवर जाऊन थांबलं. तिने ९० पाठवलं, पुन्हा १०. मग १२०, तरी १०. ती म्हणाली, "सर, बोर्ड खराब आहे."

बोर्ड ठणठणीत होता, वायरही बरोबर होती. बोर्डाकडे काय जातंय याबद्दलची तिची समजूत तेवढी चुकीची होती. असे गैरसमज शाळकरी मुलांपासून इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षापर्यंत सगळीकडे भेटतात आणि त्यापायी चांगले बोर्ड बाद ठरवले जातात. म्हणून ते एकेक करून पाहू.

गैरसमज १: ४५ पाठवलं की ४५ हा आकडाच पोचतो.

वस्तुस्थिती: सिरियल मॉनिटरमध्ये, म्हणजे बोर्डाशी बोलायच्या लॅपटॉपवरच्या खिडकीत, टाइप केलेली प्रत्येक खूण आपापला ठरलेला संकेतांक घेऊन एकेक बाइट म्हणून निघते. इंग्रजी कीबोर्डवरच्या ४ या खुणेचा संकेतांक ५२ आणि ५ चा ५३. मॉनिटर न्यूलाइनवर ठेवलेला असेल तर एंटरबरोबर ओळ संपल्याची खूणही जाते, तिचा संकेतांक १०. म्हणजे बोर्डाला मिळाले तीन बाइट: ५२, ५३ आणि १०.

मुलीच्या प्रोग्रॅममध्ये आलेला प्रत्येक बाइट सरळ सर्व्होला अंश म्हणून दिला जात होता. ९६०० बॉडला, म्हणजे सेकंदाला ९६०० बिटांच्या वेगाने, एका बाइटला एक मिलिसेकंदाहून जरासा जास्त वेळ लागतो. सर्व्होला मात्र आज्ञा मिळते २० मिलिसेकंदांतून एकदा. ५२ आणि ५३ येऊन गेले ते मोटरला बहुधा कळलेही नाहीत. शेवटी उरला तो १०. कुठलाही आकडा पाठवा, शेवटची खूण तीच असल्यामुळे गेट दहावरच येणार.

उपाय सोपा आहे. ओळ संपल्याची खूण येईपर्यंत बाइट साठवायचे, ती आली की साठलेल्या खुणांचा मिळून एक आकडा करायचा आणि मग सर्व्होला द्यायचा. आर्डुइनोतलं पार्सइंट हे फंक्शन खुणांचा आकडा करून देतं. पण आकडा संपल्याची खूण मिळाली नाही तर ते नेहमीच्या सेटिंगमध्ये १ सेकंद वाट पाहत बसतं. "गेट उशिरा हलतंय" या तक्रारीचं मूळ अनेकदा इथेच सापडतं.

गैरसमज २: काहीतरी आलंय असं बोर्ड म्हणाला, म्हणजे निरोप पूर्ण आला.

वस्तुस्थिती: अव्हेलेबल हे फंक्शन सांगतं ते एवढंच, की या क्षणी किती बाइट हजर आहेत. मागून किती यायचेत ते त्याला माहीत नसतं. उनोची चिप १६ मेगाहर्ट्झवर चालते. ९६०० बॉडला एक बाइट येईपर्यंत तिच्या घड्याळाचे सोळा हजारांहून जास्त ठोके पडून जातात. माणसाला जे "एकदम आलं" वाटतं, ते तिच्या लेखी बऱ्याच अंतराने आलेलं असतं. १२० मधला १ हाती येताच तिने काम सुरू केलं, तर २ आणि ० यायच्या आधीच निर्णय होऊन बसतो. निरोप कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो हे वायर सांगत नाही. त्याची खूण आपण ठरवायची आणि दोन्ही बाजूंनी पाळायची.

गैरसमज ३: सिरियल मॉनिटरमधून चालतं आणि पायथनमधून चालत नाही, म्हणजे पायथनचा प्रोग्रॅम चुकलाय.

वस्तुस्थिती: मुलं इथे तासन्‌तास अडकतात. उनोमध्ये यूएसबीच्या बाजूची डीटीआर नावाची रेषा एका छोट्या कपॅसिटरमधून रिसेटला जोडलेली असते. नवा प्रोग्रॅम चढवताना बोर्ड आपोआप रिसेट व्हावा म्हणून ही सोय केलेली आहे. पण तिच्यामुळे संगणकावरच्या कुठल्याही प्रोग्रॅमने पोर्ट उघडला तरी बोर्ड रिसेट होतो. मग आधी बूटलोडर जागा होतो, नवा प्रोग्रॅम येतोय का ते पाहतो आणि त्यानंतर आपला प्रोग्रॅम सुरू होतो. यात एक-दोन सेकंद जातात.

मुलांचा पायथन प्रोग्रॅम पोर्ट उघडतो, लगेच ४५ पाठवतो आणि पोर्ट बंद करतो. तोवर बोर्ड नीट जागाही झालेला नसतो. सिरियल मॉनिटरमध्ये टाइप करायला माणसाला आपसूकच तेवढा वेळ लागतो, म्हणून तिथे अडचण दिसत नाही.

पोर्ट उघडल्यावर २ सेकंद थांबलं तरी काम होतं. त्याहून चांगली रीत म्हणजे बोर्डाने सुरू होताच "तयार आहे" असा ठरलेला निरोप पाठवायचा आणि तो मिळाल्यावरच संगणकाने पहिली आज्ञा द्यायची. शिवाय दर आज्ञेसाठी पोर्ट उघडबंद करायचा नाही. एकदा उघडला की काम संपेपर्यंत उघडा ठेवायचा, नाहीतर दर वेळी बोर्ड रिसेट होईल आणि गेट सुरुवातीच्या जागी जाईल.

गैरसमज ४: संगणकाने पाठवलं आणि त्रुटी दाखवली नाही, म्हणजे ते पोचलं.

वस्तुस्थिती: साध्या सिरियलमध्ये पोच देण्याची व्यवस्थाच नाही. उनोकडे आलेले बाइट ठेवायला ६४ बाइटांचा बफर असतो. तो भरला की पुढचे बाइट गळून पडतात आणि त्याची खबर कोणालाही लागत नाही. ९६०० बॉडला सेकंदाला ९६० बाइट येऊ शकतात, म्हणजे हा बफर सेकंदाच्या पंधराव्या हिश्श्यात भरतो. प्रोग्रॅममध्ये एक सेकंदाचा डिले टाकलेला असेल आणि संगणक एकसारखा पाठवत राहिला, तर बहुतेक माल वाया जातो.

कर्जतच्या माणसाला यावरचा उपाय रेल्वेकडे पाहून कळेल. रेल्वेच्या ब्लॉक पद्धतीत पुढच्या स्टेशनाने लाइन क्लिअर दिल्याशिवाय मागचं स्टेशन गाडी सोडत नाही. सिरियलमध्येही हेच करायचं. संगणकाने एक आज्ञा पाठवायची, बोर्डाने ती वाचून, अमलात आणून पोच द्यायची आणि मगच दुसरी सोडायची. अनेक लेझर खोदकाम यंत्रांमध्ये असलेला ग्रबल हा प्रोग्रॅम प्रत्येक ओळ स्वीकारली की "ओके" असं उत्तर देतो. थ्रीडी प्रिंटरमधला मार्लिनही तसंच करतो. हजारो ओळींचं काम मध्ये कुठेही न गळता पार पडतं ते या छोट्या उत्तराच्या जोरावर.

पोचेत नुसतं "ओके" न पाठवता मिळालेला आकडाच परत पाठवला तर आणखी उत्तम. ४५ पाठवलं आणि ४३ परत आलं, तर वाटेत काय झालं ते लगेच दिसतं. जिथे चूक परवडणार नाही तिथे निरोपाच्या शेवटी बेरजेसारखा तपासणीचा आकडा जोडतात. जीपीएसचे मॉड्यूल आपल्या प्रत्येक वाक्याच्या शेवटी असा आकडा देतात.

गैरसमज ५: बॉड रेट जितका जास्त तितकं चांगलं.

वस्तुस्थिती: बॉड हे नाव एमिल बोदो या फ्रेंच तार-अभियंत्याच्या नावावरून आलं. नेहमीच्या मांडणीत दर बाइटमागे १० बिट जातात: सुरुवातीचा १, माहितीचे ८ आणि शेवटचा १. म्हणून ९६०० बॉड म्हणजे सेकंदाला ९६० बाइट, आणि १,१५,२०० बॉड म्हणजे ११,५२० बाइट. या वायरीत घड्याळाची वेगळी रेषा नसते. सुरुवातीचा बिट दिसला की घेणारा आपल्या घड्याळाने मोजत पुढचे बिट वाचतो. दोन्ही घड्याळांत थोड्या टक्क्यांचा फरक चालून जातो, जास्त झाला की अक्षरांचा कचरा दिसू लागतो. १६ मेगाहर्ट्झच्या घड्याळातून १,१५,२०० हा वेग नेमका निघत नाही, साधारण २ टक्के चूक राहते. ९६०० ला ती ०.२ टक्के असते. गेटला तीन बाइटांचा निरोप ९६०० बॉडला ३ मिलिसेकंदांत मिळतो आणि मोटरला ६० अंश फिरायला सेकंदाचा साधारण दहावा भाग लागतो. इथे वेग वाढवून हाती काही लागत नाही.

गैरसमज ६: मराठी आकडे नि अक्षरं पाठवली की बोर्डाला मराठीच मिळतं.

वस्तुस्थिती: फोनवरच्या मराठी कीबोर्डची सवय असलेली मुलं लॅपटॉपवरही देवनागरीत ४५ लिहितात. पडद्यावर ते नीट दिसतं. पण यूटीएफ ८ या प्रचलित पद्धतीत देवनागरीतला प्रत्येक आकडा तीन बाइटांचा असतो. देवनागरी ४ म्हणजे २२४, १६५, १७० आणि ५ म्हणजे २२४, १६५, १७१. बोर्डावरच्या पार्सइंटला हे आकडे ओळखता येत नाहीत. पायथनचं इंट मात्र देवनागरी आकडेही नीट वाचतं. मुलाला मराठीत लिहू द्यावं, आकडा संगणकावरच पायथनकडून करून घ्यावा आणि मग पुढे पाठवावा.

अक्षरांचंही असंच. "कर्जत" वाचताना आपल्याला तीन अक्षरं दिसतात. संगणकाच्या हिशेबात ती क, र, हलंताची खूण, ज आणि त अशी पाच चिन्हं होतात, म्हणजे पंधरा बाइट. नेहमीच्या १६ बाय २ च्या एलसीडीत देवनागरी अक्षरं नसल्यामुळे तिथे हे शब्द भलत्याच खुणा होऊन उमटतात. लोकलच्या इंडिकेटरचं मॉडेल करणाऱ्या मुलांना मी सांगतो, की कर्जत आणि खोपोली या नावांची चित्रं बोर्डाच्या मेमरीत ठेवा, ग्राफिक डिस्प्ले वापरा आणि वायरीवरून फक्त १ किंवा २ पाठवा. मराठी पडद्यावर सुबक उमटते आणि निरोप एका बाइटात जातो.

गैरसमज ७: सिरियल म्हणजे सिरियल, कुठलीही वायर कुठेही जोडावी.

वस्तुस्थिती: उनोची रेषा ० ते ५ व्होल्टमध्ये चालते, ईएसपी ३२ ची ३.३ व्होल्टवर. ट्रकच्या वजनकाट्यावर किंवा कारखान्यातल्या जुन्या यंत्रांवर जो नऊ पिनांचा आरएस २३२ पोर्ट असतो, त्यावर उणे आणि अधिक असे दोन्ही व्होल्टेज असतात, १५ व्होल्टपर्यंतही. तो बोर्डाला थेट जोडला तर बोर्ड जळू शकतो. मध्ये मॅक्स २३२ सारखी चिप लागते. एका बाजूचा टीएक्स (पाठवणारी पिन) दुसऱ्या बाजूच्या आरएक्सला (घेणाऱ्या पिनला) जोडायचा आणि दोघांचा ग्राउंड एक करायचा. ग्राउंड राहून गेला तर बाकी सगळं बरोबर असूनही कचराच येतो.

अंतराचंही भान हवं. यूएसबी केबल ५ मीटरपर्यंत ठीक. घरापासून शेतातल्या पंपापर्यंत जायचं असेल तर आरएस ४८५ वापरावं. पिळाच्या जोडवायरीवर ते कमी वेगाला १२०० मीटरपर्यंत जातं.

गैरसमज ८: सुरूच झालं नाही किंवा मध्येच बंद पडलं, म्हणजे डेटात घोळ आहे.

वस्तुस्थिती: आधी साध्या गोष्टी तपासाव्यात. काही केबल नुसत्या चार्जिंगच्या असतात, त्यांत डेटाच्या तारा नसतात. बऱ्याच स्वस्त बोर्डांवर सीएच ३४० ही चिप असते, तिचा ड्रायव्हर नसेल तर पोर्ट दिसतच नाही. सिरियल मॉनिटर उघडा असताना विंडोजवर पायथनला तोच पोर्ट मिळत नाही. आणि मोटर अडली की ती इतका करंट ओढते की यूएसबीचं व्होल्टेज बसतं आणि बोर्ड रिसेट होतो. मोटरला वेगळा पुरवठा द्यावा आणि ग्राउंड एक ठेवावा.

या सगळ्या गैरसमजांच्या मुळाशी एकच समजूत आहे, की वायर अर्थ वाहून नेते. ती नेते फक्त बिट. निरोप कुठे संपतो, आकडा कसा लिहायचा, पोच कशी द्यायची, हे दोन्ही टोकांनी आधी ठरवावं लागतं. ते कागदावर लिहून भिंतीला चिकटवलं की अर्ध्या अडचणी तिथेच मिटतात.

त्या मुलीने दुसऱ्या दिवशी तेच केलं. वहीच्या पानावर तिने चार ओळी लिहिल्या: बोर्ड "तयार" म्हणेपर्यंत थांबायचं, आकडा आणि मग ओळ संपल्याची खूण पाठवायची, बोर्डाने गेट हलवून तोच आकडा परत पाठवायचा, तो आल्याशिवाय पुढचा पाठवायचा नाही. मग तिने ४५ पाठवलं. पुठ्ठ्याचं गेट अर्धवट वर उचललं गेलं, थांबलं, आणि पडद्यावर बोर्डाकडून ४५ परत आलं. तेव्हाच तिने वहीत त्यापुढे बरोबरची खूण केली.