भारतातील इमारतींची ऊर्जा-कार्यक्षमता आणि विदा

इमारतींच्या ऊर्जा-कार्यक्षमतेविषयीची विदा म्हणजे एखाद्या इमारतीत किती ऊर्जा, कोणत्या कामासाठी, किती क्षेत्रफळावर आणि कोणत्या हवामानात वापरली जाते याची पद्धतशीर नोंद होय. 'विदा' हा शब्द येथे 'डेटा' या अर्थी योजला आहे. इमारतींसाठी नियम ठरवणे, नियमांचा परिणाम तपासणे, चांगल्या इमारतीला मानांकन देणे ही सर्व कामे अशा नोंदीवर उभी असतात. भारतात २००१ च्या ऊर्जा संवर्धन कायद्यानंतर संहिता आणि तारांकन यांची चौकट तयार झाली. इमारतनिहाय वीजवापराची नियमित राष्ट्रीय नोंद मात्र तिच्या जोडीने उभी राहिली नाही. विजेचा ग्राहक कोण आणि त्याने किती युनिट वापरले हे वीज वितरण कंपनीस ठाऊक असते. इमारत केवढी आणि कोणत्या वापराची हे महानगरपालिकेस ठाऊक असते. या दोन नोंदी एकमेकींशी जोडलेल्या नाहीत, हा या विषयातील मध्यवर्ती प्रश्न आहे.

धोरणाची चौकट

ऊर्जा संवर्धन कायदा १ मार्च २००२ पासून अंमलात आला आणि त्याच दिवशी ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरो ही केंद्रीय संस्था स्थापन झाली. ब्यूरोने तयार केलेली ऊर्जा संवर्धन इमारत संहिता मे २००७ मध्ये जाहीर झाली. मोठ्या व्यापारी इमारतींच्या भिंती, छत, खिडक्या, दिवे व वातानुकूलन यांसाठी तिने किमान दर्जा घालून दिला. १०० किलोवॅट किंवा त्याहून अधिक जोडभार असलेल्या इमारती तिच्या कक्षेत येतात. संहिता केंद्राची असली तरी स्थानिक हवामानानुसार तीत बदल करून ती लागू करण्याचे काम राज्यांचे आहे. प्रत्यक्षात बांधकाम परवानगी देणाऱ्या नगरपालिकेच्या टेबलावरच तिची कसोटी लागते. २०१७ मध्ये संहितेची सुधारित आवृत्ती आली. निवासी इमारतींसाठी 'इको-निवास संहिता' डिसेंबर २०१८ मध्ये जाहीर झाली. २०२२ च्या दुरुस्तीने कायद्याची व्याप्ती निवासी इमारतींपर्यंत वाढवली.

मोजमापाचे एकक

इमारतींची तुलना करण्यासाठी ऊर्जा-कामगिरी निर्देशांक वापरला जातो. वर्षभरात वापरलेली ऊर्जा (किलोवॅट-तास, म्हणजे नेहमीच्या भाषेतील युनिट) भागिले इमारतीचे क्षेत्रफळ (चौरस मीटर) असे त्याचे सूत्र आहे. सूत्र शाळकरी भागाकाराचे असले तरी त्यातील अंश आणि छेद हे दोन्ही निश्चित करणे कठीण जाते.

ब्यूरोने २००९ मध्ये कार्यालयीन इमारतींसाठी ऐच्छिक तारांकन योजना सुरू केली. ती एका वर्षाच्या प्रत्यक्ष वीजवापरावर आधारलेली असून हवामान विभागानुसार तिच्या मर्यादा बदलतात. मुंबईसारख्या उष्ण व दमट प्रदेशात, निम्म्याहून अधिक भाग वातानुकूलित असलेल्या कार्यालयास १५० ते १२५ या निर्देशांकाला तीन, १२५ ते १०० ला चार आणि १०० च्या खाली पाच तारे मिळतात. समजा, अशा एका कार्यालयाचे बांधीव क्षेत्र १०,००० चौरस मीटर आहे आणि त्याचा वार्षिक वापर १४ लाख युनिट आहे. निर्देशांक १४० येतो, म्हणजे तीन तारे. त्याच इमारतीचे क्षेत्र वाहनतळ व इतर सामाईक जागा धरून १३,००० चौरस मीटर असे नोंदले गेले, तर निर्देशांक १०८ च्या आसपास उतरतो आणि इमारत चार ताऱ्यांची ठरते. एकही दिवा न विझवता मिळालेला हा तारा आहे. चटई क्षेत्र, बांधीव क्षेत्र आणि विक्रीसाठी सांगितले जाणारे क्षेत्र यांतील फरक महाराष्ट्रातील घर घेणाऱ्या कोणालाही परिचित आहे; ऊर्जेच्या हिशेबातही तो तितकाच महाग पडतो.

अंशाचीही तीच गत. वीज गेल्यावर चालणाऱ्या डिझेल जनित्राची वीज बिलात दिसत नाही. छतावरील सौर पट्ट्यांची वीज तेथेच वापरली गेली तर तीही बिलातून वगळली जाते. कार्यालय आठ तास चालते की तीन पाळ्यांत, निम्मे मजले रिकामे आहेत काय, याचाही परिणाम होतो. शिवाय निर्देशांक कमी म्हणजे इमारत कार्यक्षम, असे सरसकट म्हणता येत नाही. एखाद्या शाळेत पंखेच पुरेसे नसतील, तर तिचा निर्देशांक उत्तमच येईल. तेथे वाचते ती ऊर्जा नव्हे, सोसला जातो तो उकाडा.

ग्राहक क्रमांक आणि इमारत

वीज वितरणाच्या दफ्तरात इमारत नावाची नोंद सहसा नसते. असतो तो ग्राहक क्रमांक. एका व्यापारी संकुलात शंभर गाळे असतील तर शंभर मीटर, शिवाय जिना, लिफ्ट व पाण्याच्या पंपासाठी वेगळा सामाईक मीटर. उलट एखाद्या महाविद्यालयाच्या आवारातील दहा इमारती एकाच उच्चदाब जोडणीवर चालतात. पहिल्या उदाहरणात इमारतीचा वापर शंभर तुकड्यांत विखुरलेला असतो आणि दुसऱ्यात दहा इमारतींचा वापर एका आकड्यात मिसळलेला असतो. मुंबईत तर बेस्ट, टाटा पॉवर, अदानी इलेक्ट्रिसिटी आणि महावितरण असे चार वितरक असल्याने साऱ्या शहराचे चित्र एका दफ्तरात मिळण्याची शक्यताच नाही.

वर्गवारीचा प्रश्न याहून सूक्ष्म आहे. वीजदर ठरवण्यासाठी ग्राहकांचे घरगुती, व्यापारी, औद्योगिक, कृषी असे वर्ग पाडले जातात आणि राष्ट्रीय आकडेवारीही त्याच साच्यात गोळा होते. देशातील एकूण वीजवापरात घरगुती वापर साधारण एक-चतुर्थांश आणि व्यापारी वापर सुमारे ८ टक्के, एवढे तीवरून सांगता येते. परंतु 'व्यापारी' या एका शब्दात रुग्णालय, हॉटेल, मॉल, किराणा दुकान आणि संगणक कंपनीचे कार्यालय सारेच येतात. कारखान्याच्या आवारातील कार्यालय औद्योगिक वर्गात जाते. दर आकारण्यासाठी केलेली ही विभागणी त्या कामापुरती योग्यच आहे. मात्र शहरातील रुग्णालये एकूण किती वीज वापरतात, या साध्या प्रश्नाचे उत्तर तीत सापडत नाही.

मालमत्ता कराच्या दफ्तरात क्षेत्रफळ, वापराचा प्रकार आणि बांधकामाचे वर्ष असते. बांधकाम परवानगीच्या दफ्तरात नकाशे असतात. या दोन्ही नोंदी बऱ्याच शहरांत संगणकावर आलेल्या आहेत. ग्राहक क्रमांक आणि मालमत्ता क्रमांक यांची जोडणी केली तर नवीन पाहणी न करताही शहरातील प्रत्येक मोठ्या इमारतीचा निर्देशांक काढता येईल. यासाठी लागणारे तंत्रज्ञान दुर्मीळ नाही. उणीव आहे ती दोन खात्यांपैकी हे काम कोणाचे, हे ठरवणाऱ्या नियमाची.

अंदाज आणि प्रत्यक्ष

२०१७ च्या संहितेत इमारतींच्या तीन पायऱ्या आहेत. पारंपरिक इमारतीच्या तुलनेत पहिल्या पायरीवर किमान २५, दुसरीवर ३५ आणि सर्वोच्च पायरीवर ५० टक्के बचत अपेक्षित आहे. ही बचत आराखड्याच्या टप्प्यावर, संगणकीय प्रतिमानाच्या साहाय्याने किंवा घटकनिहाय निकष पाळून दाखवली जाते. लोक राहायला आल्यावर काय घडले, हे त्यातून कळत नाही.

हा फरक किती मोठा असू शकतो याचे उदाहरण जर्मनीतून मिळते. तेथील सुमारे ३,४०० घरांच्या माहितीचा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रमाणपत्रावरील हिशेबापेक्षा घरे तापवण्यासाठीचा प्रत्यक्ष वापर सरासरी ३० टक्क्यांनी कमी आढळला. जुन्या, गळक्या घरांतील रहिवासी आधीपासूनच हात आखडून ऊर्जा वापरत होते. साहजिकच, अशा घरांची दुरुस्ती केल्यावर कागदावर दाखवलेली बचत हाती येणे शक्य नव्हते. जी ऊर्जा मुळात वापरलीच गेली नव्हती ती वाचवणार कशी? भारतात पंख्यावर भागवणाऱ्या कुटुंबांबाबत हाच धोका आहे, आणि तो मोजल्याशिवाय दिसणार नाही.

एका पाहणीचे फळ

विदा हाती आल्यावर नियम कसा बदलतो, याचे भारतातील सर्वांत स्पष्ट उदाहरण तापमानाच्या सुखावह मर्यादेचे आहे. अनेक वर्षे भारतातील कार्यालयांचे वातानुकूलन परदेशी मानकांवर बेतलेले होते. उन्हाळ्यात सुती कपड्यांत येणाऱ्या कर्मचाऱ्याने कार्यालयात शाल ठेवावी, असा प्रकार त्यामुळे घडे. अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठातील संशोधकांनी पाच हवामान विभागांतील पाच शहरांत, १६ कार्यालयीन इमारतींत, तीन ऋतूंमध्ये पाहणी केली. बसल्या जागेचे तापमान, आर्द्रता व वारा मोजून त्याच वेळी कर्मचाऱ्यास कसे वाटते हे विचारले गेले. असे ६,३३० प्रतिसाद जमले.

निष्कर्ष असा की भारतीय माणूस बाहेरच्या हवामानाशी बरेच जुळवून घेतो. नैसर्गिक वायुविजन असलेल्या कार्यालयांत बाहेरील तीस दिवसांचे सरासरी तापमान १२.५ अंश सेल्सिअसपासून ३१ अंशांपर्यंत गेले, तेव्हा ना गरम ना गार वाटणारे आतील तापमान १९.६ पासून २८.५ अंशांपर्यंत सरकत गेले. म्हणजे वर्षभर एकच आकडा लावून बसण्याची गरज नव्हती. या पाहणीवरून तयार झालेले 'भारतीय अनुकूलनशील सुखावहता प्रतिमान' २०१६ च्या राष्ट्रीय इमारत संहितेत आणि पुढे २०१७ च्या ऊर्जा संहितेत समाविष्ट झाले. सोळा इमारतींची पाहणी ही काही मोठी नव्हे. पण ती नेमका प्रश्न विचारणारी होती.

अमेरिकेतील अनुभव

अमेरिकेत १९७९ पासून व्यापारी इमारतींच्या ऊर्जावापराची राष्ट्रीय नमुना पाहणी काही वर्षांच्या अंतराने होते. इमारतींना शंभरपैकी गुण देणारी 'एनर्जी स्टार' पद्धत प्रामुख्याने याच पाहणीवर उभी आहे. २००७ ची पाहणी खर्च वाचवण्यासाठी नव्या पद्धतीने केली गेली आणि सांख्यिकीय दोषांमुळे तिचे निष्कर्ष प्रसिद्धच करता आले नाहीत. पुढची पाहणी २०१२ ची. परिणामी, अनेक प्रकारच्या इमारतींचे गुण २०१८ पर्यंत २००३ च्या आकड्यांशी तुलना करून दिले जात होते. दरम्यान साऱ्याच इमारती सुधारल्या होत्या. ऑगस्ट २०१८ मध्ये नवी तुलना लागू होताच अनेक इमारतींचे गुण एका दिवसात उतरले. पाहणीवरील खर्चात केलेली काटकसर अकरा वर्षे पुरली, असेच म्हणावे लागते.

न्यू यॉर्क शहराने निराळा मार्ग घेतला. २००९ च्या स्थानिक कायदा क्रमांक ८४ नुसार ५०,००० चौरस फुटांहून मोठ्या इमारतींना दरवर्षी ऊर्जावापर कळवणे बंधनकारक झाले आणि तो जाहीर होऊ लागला. पुढे ही मर्यादा २५,००० चौरस फुटांवर आणली गेली. सुरुवातीच्या अहवालांत चुका पुष्कळ होत्या. तरीही काही वर्षांच्या साठ्यामुळे शहराला २०१९ मध्ये मोठ्या इमारतींच्या कार्बन उत्सर्जनावर इमारतीच्या प्रकारानुसार मर्यादा घालता आली.

घरगुती वापर

भारताचा २०१९ चा राष्ट्रीय शीतन कृती आराखडा सांगतो की त्या वेळी केवळ ८ टक्के कुटुंबांकडे वातानुकूलन यंत्र होते आणि इमारतींतील शीतनाची मागणी २०१७-१८ च्या तुलनेत २०३७-३८ पर्यंत सुमारे ११ पट होईल. अजून बांधल्या न गेलेल्या घरांसाठीच्या नियमांना म्हणूनच महत्त्व आहे. इको-निवास संहितेने थंड प्रदेश वगळता भिंती-खिडक्यांतून आत येणाऱ्या उष्णतेवर दर चौरस मीटरला १५ वॅट ही मर्यादा घातली.

घरांच्या बाबतीतही तुटलेला दुवा तोच आहे. राष्ट्रीय नमुना पाहणीतील गृहस्थितीविषयक फेरी भिंत, छत व क्षेत्रफळ नोंदवते. कौटुंबिक खर्चाची पाहणी विजेचे युनिट नोंदवते. कुटुंबे मात्र वेगवेगळी असतात. ही पोकळी अंशतः बिगर-सरकारी संस्थांनी भरली. ऊर्जा, पर्यावरण व जल परिषदेने २०२० मध्ये २१ राज्यांतील १५२ जिल्ह्यांत सुमारे १५,००० कुटुंबांची ऊर्जा-पाहणी केली. पुण्याच्या 'प्रयास' संस्थेच्या ऊर्जा गटाने उत्तर प्रदेश व महाराष्ट्रातील निवडक घरांत मोजणी यंत्रे बसवून पंखा, फ्रिज, वातानुकूलन यंत्र प्रत्यक्ष किती वेळ चालते याची नोंद घेतली. पहिलीचा विस्तार मोठा, दुसरीची खोली अधिक. एकीवाचून दुसरीचा अर्थ पुरता लागत नाही.

स्मार्ट मीटर आणि खासगीपणा

२०२१ मध्ये मंजूर झालेल्या वितरण क्षेत्र सुधारणा योजनेत देशभर २५ कोटी स्मार्ट मीटर बसवण्याचे उद्दिष्ट आहे. महिन्याच्या एका आकड्याऐवजी पंधरा किंवा तीस मिनिटांच्या अंतराने नोंदी मिळू लागल्यास उन्हाळी रात्री शीतनाला किती वीज लागते, सुटीच्या दिवशी कार्यालयात काय चालू राहते, हे वेगळे काढता येईल. तथापि हीच नोंद घर कधी रिकामे असते आणि घरातील माणसे कधी झोपतात हेही सांगते. खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये दिला, आणि वैयक्तिक डिजिटल विदेच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला. त्यामुळे कुटुंबाचा वापर धोरणकर्त्यांपुढे जसाच्या तसा ठेवता येणार नाही.

धोरणाला बहुधा त्याची गरजही नसते. कॅलिफोर्नियाने २०१५ मध्ये केलेल्या कायद्यानुसार इमारतीतील सर्व ग्राहकांच्या वापराची केवळ बेरीज मालकाला देणे वीजकंपनीस बंधनकारक आहे. निवासी ग्राहक असल्यास किमान पाच जोडण्यांची बेरीज असावी लागते, जेणेकरून कोणा एकाचा आकडा ओळखू येऊ नये. भारतातील गृहनिर्माण संस्थांच्या बहुतेक इमारतींत पाचांहून अधिक मीटर असतातच. तळमजल्यावरील मीटरच्या खोलीत ते एका ओळीत टांगलेले असतात. त्यांची बेरीज मात्र कोणाच्याही बिलावर छापलेली नसते.