पेटीवरचं आडनाव

पुढच्या महिन्यात श्टुटगार्टमधली माझी खोली नागपूरची एक मुलगी घेतेय, एका सेमिस्टरपुरती. आठवडाभर तिचे मेसेज चालू आहेत. मेतकूट किती आणू? थंडीचा कोट तिकडेच घेऊ? कुकर आणू का? मी उलट तिलाच विचारलं, पासपोर्टवर तुझं आडनाव नेमकं कसं लिहिलंय?

ती गोंधळली. दोन वर्षांपूर्वी मीही गोंधळले असते. इथे बहुतेक इमारतींत फ्लॅटला नंबर नसतो. पत्ता म्हणजे रस्ता, घराचा क्रमांक आणि खालच्या पत्रपेटीवरचं आडनाव. ते दिसलं नाही की पत्र परत. मी हौसेने चिठ्ठीवर नुसतं पहिलं नाव लिहून चिकटपट्टीने लावलं होतं. घरीदारी सगळे त्याच नावाने हाक मारतात ना! बँकेचं कार्ड एका पाकिटातून येतं, पिन दुसऱ्यातून. दोन्ही पाकिटं आली तशी गेली. पुढचे तीन आठवडे मी फॉरेक्स कार्डावरचे युरो मोजून दूध-पाव आणत होते.

जर्मनी म्हटलं की आपल्याला गाड्या आणि यंत्रं आठवतात. प्रत्यक्षात हा देश कागदावर चालतो, आणि पहिला कागद म्हणजे 'अनमेल्डुंग', पत्त्याची नोंदणी. राहायला गेल्यापासून 14 दिवसांत ती करायची असते. त्यासाठी 'ही व्यक्ती इथे राहायला आली आहे' असं घर देणाऱ्याचं सहीचं पत्र लागतं, नुसता भाडेकरार दाखवून भागत नाही. नोंदणीच्या अपॉइंटमेंटा चटकन मिळत नाहीत, म्हणून भारतात असतानाच वेबसाइट बघून ठेवावी. 'नोंदणी करता येणार नाही, पण भाडं कमी' अशी खोली कितीही गोड वाटली तरी सोडावी. किल्ली दाखवण्याआधी डिपॉझिट मागणारा तर बहुधा भामटाच. जाहिरातीत 'काल्ट' म्हणजे हीटिंग वगैरे सोडून मूळ भाडं. खिशातून जातं ते 'वार्म'. डिपॉझिट कायद्याने तीन महिन्यांच्या 'काल्ट'हून जास्त घेता येत नाही.

नोंदणी झाली की थोड्याच दिवसांत रेडिओ-टीव्हीच्या वर्गणीचं पत्र येतं, महिना 18.36 युरो. घरात टीव्ही नाही म्हणून मी ते फसवणूक समजून टोपलीत टाकलं. मग स्मरणपत्र आलं, त्यात दंडही. वर्गणी माणशी नसते, घरामागे असते, त्यामुळे एकाने भरायची आणि बाकीच्यांनी वाटून घ्यायची. मात्र देश सोडताना नोंदणी रद्द करून ही वर्गणीही वेगळी बंद करावी लागते. नोंदणी निघण्याच्या आठवडाभर आधीपासून रद्द करता येते. सहा महिन्यांसाठी येणारे नेमके हेच विसरतात.

शनिवारी संध्याकाळी उतरू नये. रविवारी दुकानं बंद असतात. माझा पहिला रविवार आईने दिलेल्या चिवड्यावर निघाला. स्टेशनातली दुकानं उघडी असतात हे सोमवारी कळलं.

आणि एक खास इथलं. एका सकाळी आमच्या दाराच्या मुठीला पाटी लटकलेली, 'केरवोखे'. 'वोखे' म्हणजे आठवडा. 'केर' मात्र चक्क आपल्या केरासारखा, आणि अर्थही झाडण्याचाच! आठवडाभर जिना झाडायची पाळी आमची. खालच्या आजी रेलिंगवरून बोट फिरवून बघतात. मला आधी राग यायचा, आता मी कोपरेसुद्धा पुसते. आजींशी बिघडवून चालत नाही. रात्री दहानंतर मिक्सर लावला तर पहिली तक्रार त्यांचीच येते. उलट, मी नसताना माझी पार्सलंही त्याच घेऊन ठेवतात.

हे सगळं मी त्या मुलीला लांबलचक लिहून पाठवलं. शेवटी लिहिलं, आडनाव कळव, तू यायच्या आत चिठ्ठी लावून ठेवते.

दहा मिनिटांनी पासपोर्टच्या पानाचा फोटो आला. खाली एकच ओळ: 'पण ताई, कुकर?'

आण. ॲल्युमिनियमचा नको, इथे इंडक्शन आहे. आणि रबर दोन जास्तीचे घे.