दारातला वसंत आणि त्याची किंमत

पंचांगाप्रमाणे वसंत ऋतू चैत्रात सुरू होतो. परंतु पुण्यासारख्या पठारावरील शहरात तो पंचांगाची वाट पाहत नाही. माघ सरत आला की काटेसावरीची उरलीसुरली पाने गळून पडतात आणि उघड्या फांद्यांवर लाल, मांसल फुले दिसू लागतात. फाल्गुनात पळस आणि पांगारा फुलतात, टेकड्यांच्या खडकाळ उतारांवर सोनसावरीची पिवळी फुले निष्पर्ण झाडांवर उजळून निघतात आणि चैत्रात करंजाच्या फुलांचा सडा रस्त्याच्या कडेला पडू लागतो. ज्या काळाची नोंद शिशिर म्हणून होते, तोच येथील कित्येक झाडांचा ऐन बहराचा काळ होय. हे सारे पाहण्यासाठी अभयारण्याची वाट धरावी लागत नाही. पोस्टाच्या आवारात, शाळेच्या कुंपणाशी, बसथांब्यामागे ते घडत असते. आणि बहुधा म्हणूनच ते कोणी पाहत नाही.

इंग्रजी कवितेवर पोसलेल्या सुशिक्षित वर्गाच्या मनात वसंत म्हणजे हिरवळीवर उमललेली रानफुले, असे एक चित्र ठसलेले आहे. तिकडे ते खरेही आहे. झाडांना पालवी फुटून जमिनीवर सावली पडण्यापूर्वी तेथील लहान रोपे आपला बहर उरकून घेतात. दख्खनमध्ये मात्र हा क्रम उलटा आहे. येथे जमिनीवरची रानफुले तेरड्यासारखी पावसाच्या जिवावर जगतात आणि श्रावण-भाद्रपदात माळ रंगवतात. फाल्गुनात माती कोरडी ठणठणीत असते, तेव्हा फुलांचा सारा थाट झाडांवरच असतो. त्यामागे एक शिस्त आहे. पाने नसल्यामुळे फुले दुरून दिसतात आणि मधासाठी पाखरे येतात. त्यांच्या चोचींना व डोक्यांना लागलेला पराग एका झाडावरून दुसऱ्या झाडावर जातो. सावरीची बोंडे उन्हाळ्यात फुटून कापसासह बी वाऱ्यावर निघून जाते आणि ते जमिनीवर टेकते न टेकते तोच पाऊस येतो. वेळेचे इतके चोख गणित आपल्या अंदाजपत्रकांनाही क्वचितच साधते.

फुललेली काटेसावर सकाळी अर्धा तास न्याहाळली तरी पाखरांची चांगली ओळख होते. बुलबुल, साळुंक्या, कावळे, कोतवाल यांची तेथे नुसती झुंबड उडालेली असते आणि खारीही त्यात मागे नसतात. शिंजीर हा मुठीत मावेल एवढा पक्षी. त्याचा नर एरवी मळकट दिसतो, पण या दिवसांत निळ्याजांभळ्या झळाळीचा वेश चढवून येतो. गुलाबी अंगाची आणि काळ्या डोक्याची पळसमैना, जिला भोरडी असेही म्हणतात, ही तर परदेशी पाहुणी आहे. मध्य आशियाकडून पावसाळ्याच्या अखेरीस येणारे तिचे थवे पळस-सावरीचा पाहुणचार घेऊन एप्रिलच्या सुमारास परत फिरतात. तिकडे गेल्यावर ती आपल्या पिलांना टोळ भरवते. म्हणजे पुण्याच्या फुलांतील मधावर पोसलेले पाखरू हजारो मैलांवरच्या शेतकऱ्याचे पीक राखते. या व्यवहाराची नोंद कोणत्याही देशाच्या आयात-निर्यातीच्या तक्त्यात सापडत नाही.

कोकिळाविषयी एक गैरसमज आपल्या साहित्याने पक्का करून ठेवला आहे. गाते ती कोकिळा नव्हे. आंब्याच्या पालवीतून टिपेला जाणारा आवाज काळ्याभोर नराचा असतो. मादी तपकिरी, अंगावर पांढरे ठिपके असलेली, आणि पहाटेच्या मैफलीपेक्षा कावळ्याच्या घरट्यावर तिचे लक्ष अधिक. कवींनी तिला गायिका केले, ही तिच्या संसाराविषयीची मोठीच दिशाभूल म्हणावयास हवी.

परंतु शहरी वसंताचा खरा प्रतिनिधी निवडावयाचा झाल्यास तो मान तांबटाला द्यावा लागेल. हा चिमणीएवढा हिरवा पक्षी; कपाळावर आणि छातीवर लाल रंग, गळा पिवळा. ऊन तापू लागले की त्याचा 'टुक् टुक्' असा एकसुरी आवाज सुरू होतो, तो दुपार कलली तरी थांबत नाही. हा आवाज तो चोच मिटून, गळा फुगवून काढतो आणि काढताना मान इकडेतिकडे वळवीत असल्यामुळे तो नेमका कोठे बसला आहे हे समजत नाही. तांब्याच्या पत्र्यावर हातोडी पडावी तसा हा नाद, म्हणून नाव तांबट. पुण्यात हे नाव समजावून सांगण्याची गरज नसावी. कसब्यातील तांबट आळीत घंगाळे आणि बंब ठोकले जात, त्या आवाजावर कित्येक पिढ्या वाढल्या. आळीतली ठोक आता क्षीण झाली आहे. झाडावरची अजून चालू आहे, ती ऐकण्याची फुरसत मात्र राहिलेली नाही.

हा पक्षी वड, पिंपळ, उंबर यांच्या फळांवर जगतो आणि झाडाच्या वाळलेल्या किंवा कुजक्या फांदीत चोचीने गोल भोक पाडून घरटे करतो. जिवंत, टणक लाकूड त्याच्या चोचीला पेलत नाही. म्हणजे ज्या फांदीची बाजारात कवडीही येत नाही आणि जी 'धोकादायक' म्हणून सर्वांत आधी तोडली जाते, तीच त्याची सदनिका. येथून प्रश्न केवळ रसिकतेचा राहत नाही.

अर्थशास्त्रात पाणी आणि हिरा यांचे कोडे प्रसिद्ध आहे. पाण्यावाचून जीव जातो तरी त्याची किंमत नगण्य आणि हिऱ्यावाचून कोणाचेही अडत नाही तरी त्याचे मोल अफाट, असे का, हा प्रश्न अ‍ॅडम स्मिथने १७७६ मध्ये आपल्या 'वेल्थ ऑफ नेशन्स' या ग्रंथात मांडला. पुढील शतकातील अर्थशास्त्रज्ञांनी त्याचे उत्तर दिले ते असे की, किंमत एकूण उपयुक्ततेवर ठरत नसून हाती येणाऱ्या शेवटच्या एककाच्या उपयुक्ततेवर ठरते. विपुल ते स्वस्त. चिमणी अंगणोअंगणी होती तोवर तिची किंमत शून्य होती. भिंतीवरील तसबिरीच्या मागे ती घरटे करी, गवताच्या काड्या खाली पडत आणि घरातील वडीलधारी माणसे कुरकुरत. पुढे तसबिरी गेल्या, कौले गेली, घराघरांतले सुपात धान्य पाखडणे गेले. धान्य पिशवीबंद येऊ लागले. पिलांना भरवावयाच्या अळ्या देशी झुडपांवर मिळत, त्यांच्या जागी औषध फवारलेली शोभेची झाडे आली. चिमणी दिसेनाशी होऊ लागली तेव्हा २०१० पासून २० मार्च हा तिचा जागतिक दिन ठरला. ज्या प्राण्याचा दिवस साजरा करावा लागतो त्याचे दिवस भरत आले असावेत, अशी शंका घेण्यास जागा आहे.

टेकड्यांची कथा याहून गुंतागुंतीची आहे. वेताळ टेकडी, हनुमान टेकडी, पर्वती या पुणेकरांच्या नित्याच्या फिरण्याच्या जागा. पहाटे तेथे जाणाऱ्या निवृत्त कारकुनाला आणि उद्योगपतीला सारखीच हवा मिळते, आणि एकाने ती घेतल्याने दुसऱ्याची कमी होत नाही. सार्वजनिक वस्तूचे याहून चांगले उदाहरण वर्गात देता येणार नाही. पण टेकडीचा लाभ सर्वांचा असला तरी टेकडीची जमीन सर्वांची असतेच असे नाही. १९९७ मध्ये २३ गावे महापालिकेच्या हद्दीत आली. त्यांतील टेकड्यांचे सुमारे ९७८ हेक्टर क्षेत्र जैववैविध्य उद्यानासाठी राखण्याचा प्रस्ताव झाला आणि प्रदीर्घ वादानंतर २०१५ मध्ये राज्य सरकारने ते आरक्षण मान्य केले. यातील बरीचशी जमीन खासगी मालकीची, आणि मोबदला ठरला तो ८ टक्के हस्तांतरणीय विकास हक्काचा. जमीनमालकांनी याविरुद्ध केलेली तक्रार निसर्गप्रेमी मंडळी अनेकदा झटकून टाकतात; ते न्याय्य नाही. साऱ्या शहराने श्वास घ्यावयाचा आणि त्याची किंमत काही कुटुंबांनी मोजावयाची, अशी व्यवस्था फार काळ टिकत नसते. उलट, त्याच टेकडीच्या पायथ्याशी बांधलेली सदनिका 'टेकडीचे दर्शन' म्हणून चढ्या भावाने विकली जाते आणि ही चढती किंमत बांधणाऱ्याच्या खिशात जाते. त्या चढाव्याचा काही भाग कर म्हणून घेऊन वर ज्यांची जमीन अडकली त्यांच्याकडे वळविणे ही अशक्य कोटीतील गोष्ट नव्हे. वेताळ टेकडी फोडून जाणाऱ्या नियोजित रस्त्याविरुद्ध २०२३ च्या एप्रिलात नागरिकांनी मोर्चा काढला, तेव्हा प्रवासाच्या वाचणाऱ्या मिनिटांचा हिशेब रस्त्याच्या बाजूने मांडण्यात येत होता. मिनिटांना किंमत असते, सावलीला नसते. हिशेबाची ही पद्धतच मुळात सदोष आहे.

टेकडीवर जे हिरवे दिसते ते सारेच रक्षणीय आहे असेही नव्हे. फाल्गुनात उतारांवर गुलाबी फुलांचा जो सडा दिसतो आणि ज्याची छायाचित्रे हौसेने घेतली जातात, तो बहुतेक गिरिपुष्पाचा. मध्य अमेरिकेतून आलेले हे झाड. लवकर वाढते, जनावरे त्याला सहसा तोंड लावीत नाहीत, जमिनीत नत्र सोडते, म्हणून वनखात्याने उजाड टेकड्यांवर ते लावले. हेतू चांगला होता. परंतु त्याच्या गर्दीत मूळचे गवत आणि देशी झाडोरा मागे हटला, आणि माळावरच्या चंडोलासारख्या पाखरांना गवताखेरीज दुसरे घर नाही. याउलट वेताळ टेकडीवरील दगडाची जुनी खाण, जी एकेकाळी डोंगराची जखम होती, तिच्यात पाणी साठून आता पाखरांचा पाणवठा झाला आहे. निसर्गाचा जमाखर्च असा सरळ रेषेत चालत नाही.

रस्ता आणि आरक्षण हे प्रश्न न्यायालयात आणि मंत्रालयात सुटावयाचे तेव्हा सुटतील. काही गोष्टी मात्र प्रभाग कार्यालयाच्या पातळीवरच्या आहेत. महाराष्ट्रात शहरांतील झाडांच्या संरक्षणाचा कायदा १९७५ पासून आहे; झाड तोडावयाचे तर परवानगी लागते. पण पावसाळ्यापूर्वीची म्हणून जी फांद्यांची छाटणी होते, ती एप्रिल-मे महिन्यांत, म्हणजे नेमकी कावळे, बगळे, बुलबुल यांच्या घरट्यांच्या दिवसांत. वादळात फांदी पडून माणूस दगावू नये हा विचार योग्यच आहे; तथापि तोच विचार दिवाळीनंतर, पाने झडू लागताना केला तर कोणाचे काय बिघडेल? ठेकेदाराला काम मिळेल, तारा मोकळ्या होतील, आणि ज्या वाळक्या फांदीखाली रस्ता नाही वा घर नाही ती तांबटासाठी तशीच सोडता येईल. यासाठी नव्या तरतुदीची गरज नाही. निविदेतील महिना तेवढा बदलावयाचा आहे.

दुसरी गोष्ट वणव्याची. विझत न टाकलेली विडी किंवा शेकोटीची राख यांनी फेब्रुवारीपासून टेकड्यांवरील वाळले गवत पेटते, आणि नेमक्या याच काळात, मार्चपासून, टिटवी अंडी घालू लागते. तिला घरटे बांधणे माहीत नाही. उघड्या जमिनीवर, खड्यांच्या रंगाची बहुधा चार अंडी ती ठेवते; दोन पावलांवर उभ्या असलेल्या माणसालाही ती दिसत नाहीत. ऊन फार झाले तर नर-मादी पोटाची पिसे पाण्यात भिजवून आणतात आणि अंड्यांवर बसतात. पिले बाहेर पडावयास सुमारे चार आठवडे लागतात. डिसेंबर-जानेवारीत गवताचे जाळपट्टे वेळेवर काढले आणि उन्हाळाभर दोन-तीन राखणदार टेकडीवर ठेवले, तर हे चार आठवडे तिला मिळू शकतात.